मोठ्या रस्ते प्रकल्पात डेटा आर्किटेक्टनं आधी काय ठरवायचं? (चेनेज, सातबारा, मोऱ्या आणि आरए बिलं)

मैलदगड

नागपूर–मुंबई समृद्धी महामार्गाएवढं काम डोळ्यांसमोर आणा. ७०१ किमी लांबी, १२० मीटर रुंदीचा पट्टा, १० जिल्हे, ३९२ गावं, बांधकामाची १६ पॅकेजेस. हा धागा त्या एका रस्त्याबद्दल नाही, आकारमानाचा अंदाज यावा म्हणून नाव घेतलं. एवढ्या कामात कंत्राटदार वेगळे, सल्लागार वेगळे, भूसंपादन महसूल खात्याकडे, आणि रस्ता चालू झाल्यावर देखभाल आणखी कुणाकडे. या सगळ्यांची माहिती एकमेकींना जुळली पाहिजे, हे डेटा आर्किटेक्टचं काम.

माझं ठाम मत आहे की सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं हा प्रश्न शेवटी येतो. आधी वस्तूची ओळख, वस्तूची जागा आणि नोंदीचा काळ या तीन गोष्टी ठरल्या पाहिजेत, आणि त्याही पहिल्या निविदेच्या आधी.

ओळखीपासून सुरुवात करतो. बॉक्स मोरीला (रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या चौकोनी बांधकामाला) 'पी०७-३१२+४५०-बीसी-०२' असा क्रमांक दिला की साइटवर सगळ्यांना सोयीचं वाटतं, कारण वाचूनच कळतं: पॅकेज ७, चेनेज (रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर) ३१२+४५० म्हणजे ३१२ किमी ४५० मीटर, बॉक्स मोरी, दुसरी. पुढे नाल्याचा प्रवाह नीट मोजला जातो आणि मोरी ८० मीटर पुढे सरकते. पॅकेजची हद्दही बदलते आणि ती ८ मध्ये जाते. आता क्रमांक बदलला तर जुन्या क्रमांकावरची रेखाचित्रं, क्यूबचे (काँक्रीटच्या चाचणी-ठोकळ्यांचे) निकाल, आरए बिलं (काम चालू असताना हप्त्याहप्त्यानं निघणारी बिलं) यांचा धागा तुटतो. न बदलला तर क्रमांकच खोटी माहिती सांगतो.

म्हणून मूळ क्रमांक अर्थहीन ठेवा: नुसता अनुक्रम, शेवटी एक तपासणी अंक (टंकताना झालेली चूक पकडणारा). पॅकेज, चेनेज, प्रकार हे सगळं वेगळ्या रकान्यांत. साइटवर रंगवायला वाचता येणारं नाव हवं तर ते 'लेबल' म्हणून ठेवा, ते खुशाल बदलू द्या. साइटवर नेट नसतं, त्यामुळे प्रत्येक पॅकेजला १०,००० क्रमांकांचा गठ्ठा आधीच वाटून द्यावा. मोरी रद्द झाली तर तिचा क्रमांक 'रद्द' म्हणून कायम राहतो, दुसऱ्या मोरीला कधीही देत नाहीत.

आणखी एक. जागा आणि वस्तू यांचे क्रमांक वेगळे. टोलच्या तिसऱ्या लेनवरचा कॅमेरा ही एक जागा आहे, आणि आज तिथे बसलेला अमुक सिरियल नंबरचा कॅमेरा ही वस्तू. कॅमेरा बदलला तरी जागेचा इतिहास सलग राहायला हवा. आयएसओ ८१३४६ या मानकाच्या मुळाशी हाच विचार आहे.

नकाशेवाला

जागेबद्दल लिहितो, कारण महाराष्ट्रात पूर्व–पश्चिम जाणाऱ्या प्रत्येक कामाला ही अडचण येते. ७८° पूर्व रेखांशावर यूटीएम या निर्देशांक पद्धतीचा झोन (सहा अंश रुंदीचा पट्टा) बदलतो. अमरावती झोन ४३ मध्ये, वर्धा आणि नागपूर ४४ मध्ये. म्हणजे मुंबईहून नागपूरला जाणाऱ्या कुठल्याही अलाइनमेंटच्या (रस्त्याच्या आखणीच्या) फाइली दोन निर्देशांक पद्धतींत येणार. दोन्हींत पूर्वेचा आकडा साधारण सहा अंकीच असतो, त्यामुळे झोन लिहिलेला नसेल तर फाइल कुठल्या झोनची हे नुसतं बघून ओळखता येत नाही. चुकीच्या झोनमध्ये उघडली की वर्ध्याजवळचा पूल सहा अंश पश्चिमेला, गुजरातच्या किनाऱ्याजवळ अरबी समुद्रात दिसतो. एवढी मोठी चूक निदान दिसते तरी. छोट्या चुका जास्त घातक.

उदाहरणार्थ स्केल फॅक्टर, म्हणजे नकाशावरचं आणि जमिनीवरचं अंतर यांचं प्रमाण. झोन ४३ चा मध्य ७५° वर आहे. छत्रपती संभाजीनगर त्याच्या अगदी जवळ, तिथे यूटीएमवर मोजलेलं अंतर जमिनीवरच्या अंतरापेक्षा किलोमीटरमागे सुमारे ४० सेंमी कमी भरतं. समुद्रसपाटीपासूनच्या पावणेसहाशे मीटर उंचीमुळे आणखी ९ सेंमी. मुंबईजवळ उलट, किलोमीटरला सुमारे २० सेंमी जास्त. ७८° च्या रेषेपाशी तर ८० सेंमीपर्यंत जास्त. रस्त्याची लांबी, मुरमाचं प्रमाण, बिलाची रक्कम हे सगळं अंतरावर चालतं, तेव्हा हा फरक डोळ्यांआड करून चालत नाही.

उपाय: पूर्ण मार्गासाठी एकच प्रकल्प-ग्रिड. मार्ग आडवा पसरलेला आणि अक्षांशाचा पट्टा जेमतेम दोन अंशांचा असल्यामुळे लॅम्बर्ट शंकू प्रक्षेप (गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवायची एक पद्धत) उत्तम बसतो. दोन प्रमाण अक्षांश १९.५° आणि २०.८° च्या आसपास घेतले तर प्रक्षेपाची चूक किलोमीटरला साधारण १० सेंमीच्या आत राहते. मोठ्या पुलांना आणि बोगद्यांना स्थानिक ग्रिड लागेलच, पण त्याचं रूपांतराचं सूत्र प्रकल्पाच्या नोंदवहीत हवं, सर्व्हेअरच्या लॅपटॉपवर नव्हे.

नियम सोपा: निर्देशांकांच्या प्रत्येक फाइलीत ईपीएसजी कोड (निर्देशांक पद्धतीचा ठरलेला क्रमांक: ४३ साठी ३२६४३, ४४ साठी ३२६४४) किंवा प्रकल्प-ग्रिडचं नाव लिहिलेलं नसेल तर फाइल स्वीकारायची नाही. जुन्या टोपोशीट (सरकारी भूनकाशे) एव्हरेस्ट डेटमवर (पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावर) आहेत. त्यांवरून उचललेला बिंदू थेट डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएस वापरतो ते डेटम) म्हणून टाकला तर आपल्याकडे शंभर-दीडशे मीटरची चूक येते.

उंचीचंही तसंच. जीपीएस देतो ती लंबवर्तुळाकृतीवरची (पृथ्वीच्या गणिती आकारावरून मोजलेली) उंची. मुंबई-पुण्याकडे ती समुद्रसपाटीच्या हिशेबातल्या उंचीपेक्षा साठहून अधिक मीटरनं कमी येते. ड्रोन सर्व्हेची ढगफाइल (पॉइंट क्लाउड, म्हणजे मोजलेल्या असंख्य बिंदूंची फाइल) एका उंचीवर आणि पुलाचं रेखाचित्र दुसऱ्या उंचीवर, असं होऊ नये म्हणून 'उंची' असा एकच रकाना कधीही ठेवू नका. उंचीचा प्रकार शेजारच्या रकान्यात सक्तीचा करा.

लांबवाट

निर्देशांक ठीक, पण साइटवरची माणसं चेनेजमध्येच बोलतात, आणि ते बरोबर आहे. फक्त चेनेज हा पत्ता आहे आणि पत्ता बदलतो. मधल्या ४ किमीत अलाइनमेंट बदललं आणि नवा तुकडा जुन्यापेक्षा १२० मीटरनं लांब निघाला, तर पुढचं सगळं चेनेज १२० मीटरनं सरकतं. ते सरकवायचं नसेल तर जोडावर चेनेज समीकरण येतं: मागचं २१४+१२० = पुढचं २१४+०००. मग २१४+०५० हा पत्ता दोन ठिकाणी लागू होतो. मार्ग आखूड झाला तर उलटं: काही चेनेज अस्तित्वातच राहत नाहीत, आणि दोन चेनेजची वजाबाकी करून काढलेली लांबी चुकते.

म्हणून चेनेज एकट्यानं साठवू नये. मार्गाचा क्रमांक, अलाइनमेंटची आवृत्ती, माप, मध्यरेषेपासूनचं अंतर आणि बाजू, एवढं एकत्र. शेजारी प्रकल्प-ग्रिडवरचे निर्देशांक. दोन्हींत तफावत आली तर कुठलं खरं मानायचं हेही आधी लिहून ठेवा: बांधून झालेल्या वस्तूसाठी निर्देशांक खरे, नियोजनातल्या वस्तूसाठी चेनेज खरं.

डावी-उजवी बाजू नेहमी वाढत्या चेनेजच्या दिशेनं. इंटरचेंजच्या प्रत्येक रॅम्पला आणि प्रत्येक सर्व्हिस रोडला स्वतंत्र मार्ग-क्रमांक द्या. रॅम्पवरचा दिव्याचा खांब मुख्य मार्गाच्या चेनेजवर नोंदवला की देखभालीचा माणूस तो पुलावर शोधतो आणि खांब असतो पुलाखाली. बोगद्यात जीपीएस नसतोच, त्यामुळे तिथे चेनेज आणि क्रॉस पॅसेजचा (दोन बोगदे जोडणाऱ्या आडव्या वाटेचा) क्रमांक हाच आधार.

आठ_अ

सगळ्यांनी बांधकामाचं लिहिलं. मी जमिनीचं लिहितो, कारण प्रकल्प अडतो तो तिथे आणि बहुतेक डेटा मॉडेलमध्ये जमिनीसाठी एकच सपाट तक्ता असतो.

गट नंबर ही चावी नाही. अधिसूचना निघते तेव्हा गट ११२ असतो. निवाड्यापर्यंत वाटणी होऊन ११२/१, ११२/२, ११२/३ होतात. मोबदला देताना मूळ मालक हयात नसतो, वारसनोंदीचा फेरफार होऊन पाच नावं लागलेली असतात. सपाट तक्त्यात ११२ चं क्षेत्र एकदा आणि त्याच्या तीन हिश्शांचं पुन्हा एकदा मोजलं जातं. भू-आधार (जमिनीच्या तुकड्याचा सरकारी) क्रमांक असेल तर जरूर ठेवा, पण तोही गुणधर्म म्हणून.

तक्ते असे करा. एक, जमिनीचा तुकडा: स्वतःचा अर्थहीन क्रमांक, संयुक्त मोजणीतला बहुभुज. दोन, तुकड्याची महसुली ओळख: गाव, गट, हिस्सा, कधीपासून कधीपर्यंत. तीन, वंशावळ: कुठल्या तुकड्यातून कुठला निघाला. चार, हक्क: कोणाचा, किती हिस्सा, कुठल्या फेरफारानं. पाच, प्रक्रियेचे टप्पे. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ खाली काम असेल तर कलम ३अ ची अधिसूचना, ३ड ची घोषणा, ३ग चा मोबदला, या प्रत्येकाची तारीख वेगळी नोंदवा. ३अ पासून एका वर्षात ३ड निघाली नाही तर ३अ निष्प्रभ होते. ही मुदत डेटाबेसनं रोज तपासून ६० दिवस आधी यादी काढली पाहिजे, माणसाच्या आठवणीवर सोडायची नाही.

क्षेत्राची एककं. सातबारावर ०.४०.५० म्हणजे ० हेक्टर ४० आर ५० चौरस मीटर, म्हणजेच ४,०५० चौमी. कुणी ते ०.४० टंकतो, कुणी ०.४०५०, कुणी ४०.५ गुंठे. गुंठा म्हणजे आर नव्हे: आर १०० चौमी, गुंठा १०१.१७ चौमी. फरक सव्वा टक्क्याच्या आतला, पण हजारो खातेदारांच्या बेरजेत तो मोबदल्याच्या रकमेत उतरतो. साठवायचं फक्त चौरस मीटरमध्ये, पूर्णांकात. मूळ कागदावरचा मजकूर जसाच्या तसा वेगळ्या रकान्यात. पोटखराबा लागवडीयोग्य क्षेत्रापासून वेगळा.

आणि तपासणी: १२० मीटर रुंदीचा पट्टा म्हणजे दर किलोमीटरला १२ हेक्टर. किलोमीटरनिहाय संपादित क्षेत्राची बेरीज करा. इंटरचेंज किंवा सुविधा केंद्र नसलेल्या किलोमीटरात १२ पेक्षा ठळक जास्त आलं तर दुबार नोंद आहे, कमी आलं तर एखादा तुकडा राहिलाय. गावाच्या नकाशावरून नव्हे, मोजणीच्या क-प्रतीवरून (मोजणीनंतर मिळणाऱ्या अधिकृत नकाशावरून) बहुभुज काढा.

टंकलेखनी

@आठ_अ, एक भर. एक्सेल गट ५/२ ला तारीख करून टाकतं, आणि सीएसव्ही पुन्हा उघडून जतन केली की मूळ आकडा कायमचा गेला. रकाना आधी 'मजकूर' करून मगच चिकटवायचं. पण तलाठी कार्यालयापासून सल्लागारापर्यंत सगळ्यांना हे सांगत बसण्यापेक्षा, कुलूपबंद रकान्यांचा एकच नमुना-तक्ता वाटावा आणि त्याच नमुन्यातली फाइल घ्यावी.

अनुस्वार

गावांच्या नावांवर कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. ३९२ गावांची नावं तीन ठिकाणांहून तीन प्रकारे येतात. जुन्या फाइली युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या असतात, त्या वाचता येत नाहीत, रूपांतर करून प्रत्येक नाव डोळ्यांनी तपासावं लागतं. युनिकोडमध्येही एकाच शब्दाची दोन रूपं असतात: 'ऱ्ह' मधला अर्धा र दोन वेगळ्या पद्धतींनी टंकता येतो, दिसतो सारखाच, संगणकाला मात्र वेगळा. शिवाय अदृश्य जोडचिन्हं, नावामागची रिकामी जागा, बुद्रुकचं कधी बु. तर कधी बुद्रूक.

आत येणारा प्रत्येक मजकूर एनएफसी (युनिकोडच्या एका ठरलेल्या) रूपात आणून मगच साठवायचा, आणि जुळणी नावावर करायचीच नाही. केंद्राच्या लोकल गव्हर्न्मेंट डिरेक्टरीतला गावाचा कोड ही चावी. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. जुन्या अधिसूचनेत जुनं नाव आहे आणि कायद्याच्या दृष्टीनं ते तसंच राहिलं पाहिजे. नावांचा स्वतंत्र तक्ता, प्रत्येक नावाला 'पासून' आणि 'पर्यंत'.

मुरूम_खडी

गुणवत्ता नियंत्रणाची माहिती. इथे चूक होते ती 'निकाल' असा एकच रकाना ठेवण्यात.

काँक्रीटसाठी तीन पातळ्या लागतात: ओतकाम, नमुना, क्यूब. आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे १ ते ५ घनमीटरला एक नमुना, ६ ते १५ ला दोन, १६ ते ३० ला तीन, ३१ ते ५० ला चार, त्यापुढे दर ५० घनमीटरला किंवा त्याच्या भागाला एक जास्त. एका नमुन्याचे तीन क्यूब, तिन्हींची सरासरी हा नमुन्याचा निकाल, आणि कुठलाही क्यूब सरासरीपासून १५ टक्क्यांहून जास्त दूर गेला तर तो निकाल बाद. तीन वेगळ्या नोंदी नसतील तर ही तपासणी करताच येत नाही. ७ दिवसांचा आणि २८ दिवसांचा निकाल वेगळ्या ओळीत हवा. एकाच रकान्यात ठेवला की २८ व्या दिवशी पहिला पुसला जातो.

ओतकामाचं घनफळ माहीत असल्यामुळे किती नमुने हवेत हे संगणक सांगतो. १२० घनमीटरच्या पायाला सहा हवेत आणि चार आलेत, हे त्याच दिवशी दिसलं पाहिजे, २८ दिवसांनी नव्हे.

भरावाचं तर प्रमाणच मोठं. दबाई झालेला थर २०० मिमीचा धरला तर ६ मीटर उंच भरावाला ३० थर. २०० मीटरच्या तुकड्यानं आणि दोन बाजूंनी मोजलं तर एका किलोमीटरला ३०० नोंदी, प्रत्येकीत घनता, ओलावा, आणि भरावाला किमान ९५ टक्के की सबग्रेडला (भरावाच्या सगळ्यात वरच्या भागाला) ९७ टक्के हा निकष. या नोंदीला मोरीसारखा एक बिंदू नसतो, 'पासून–पर्यंत' चेनेज आणि थर क्रमांक असतो. थर १२ चा निकाल नसताना थर १३ मंजूर होणार नाही, हा नियम डेटाबेसमध्येच लिहा.

मोजमापवही

वरचं सगळं बरोबर, पण कंत्राटात नसेल तर कुणीही देणार नाही. 'काम पूर्ण झाल्यावर अ‍ॅज-बिल्ट माहिती द्यावी' (म्हणजे प्रत्यक्ष जसं बांधलं त्याची) असं एक वाक्य असतं आणि शेवटी हार्ड डिस्कभर पीडीएफ मिळतात. पाइप मोरी, केबलचे डक्ट, पाण्याची लाइन हे भराव पडला की दिसत नाही. तेव्हा मोजणी भरावाआधी, नोंद ४८ तासांत, आणि नोंद स्वीकारली गेली तरच ते परिमाण आरए बिलात. पैसे माहितीला बांधले की माहिती वेळेवर येते.

मागायचं मात्र मोजकं. प्रत्येक प्रकारच्या वस्तूला १२ ते १५ रकाने पुरतात, आणि प्रत्येक रकान्यासमोर तो कोण वापरणार हे लिहिलेलं असावं. वापरणारा सापडत नसेल तर रकाना काढून टाका. दोनशे रकाने मागितले की कंत्राटदाराकडचा एखादा मुलगा शेवटच्या आठवड्यात सगळीकडे 'लागू नाही' भरतो.

बीओक्यू (कामाच्या बाबी आणि परिमाणांची यादी), वेळापत्रकातली कामाची फोड आणि वस्तूंची नोंदवही या तिघींना जबरदस्तीनं एकच करू नका. बीओक्यूतली 'एम ३५ काँक्रीट' ही एक बाब ४० पुलांत वाटलेली असते, आणि एका पुलात अशा तीस बाबी असतात. मध्ये जोडतक्ता ठेवा: वस्तू, बाब, परिमाण, आरए बिल क्रमांक. जोडतक्त्यातलं एखाद्या बाबीचं एकूण परिमाण मोजमाप पुस्तकातल्या परिमाणाशी जुळलंच पाहिजे. दर महिन्याला जुळवा, वर्षाअखेरीस ते काम अशक्य होतं.

मैलदगड

@मोजमापवही, कागदपत्रांचं काय? आयएसओ १९६५० (बांधकामाच्या माहिती व्यवस्थापनाचं मानक) मधल्या चार अवस्था (काम चालू, सामायिक, प्रकाशित, संग्रहित) बहुतेक कंत्राटांत येतात, पण रेखाचित्र आणि वस्तू यांचा दुवा कुठेच नसतो.

मोजमापवही

दुवा वेगळ्या तक्त्यात: रेखाचित्राचा क्रमांक, आवृत्ती, वस्तूचा क्रमांक, नातं (आराखडा, बांधकाम, अ‍ॅज-बिल्ट). आवृत्ती दुव्यातच हवी. मोरी रेखाचित्राच्या सी०२ आवृत्तीवरून बांधली आणि नंतर सी०३ निघालं, तर मोरीचा दुवा आपोआप सी०३ कडे जाता कामा नये. लवादात विचारतात तो प्रश्न हाच असतो: त्या दिवशी साइटवर कुठलं रेखाचित्र वैध होतं?

यासाठीच प्रत्येक महत्त्वाच्या नोंदीला दोन काळ हवेत: जमिनीवर कधीपासून खरं, आणि नोंदवहीत कधी आलं. जागेचा ताबा १० जूनला मिळाला आणि नोंद २५ ऑगस्टला झाली, तर दोन्ही तारखा टिकल्या पाहिजेत. मुदतवाढीचे दावे याच फरकावर उभे असतात. दुरुस्ती करताना जुनी ओळ बंद करून नवी उघडायची, खोडायची नाही.

नकाशेवाला

खातेदारांचं बँक खातं, आधार, फोन नकाशाच्या थरात कधीही टाकू नका. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ आहेच, पण साधं कारण असं की नकाशाचे थर गतिशक्तीपासून (पायाभूत प्रकल्पांचं केंद्राचं नकाशा-व्यासपीठ) सल्लागारांपर्यंत दहा जणांना द्यावे लागतात. हक्काचा तक्ता वेगळ्या स्कीमात (डेटाबेसच्या वेगळ्या कप्प्यात), वेगळ्या परवानगीखाली ठेवा. नकाशावर तुकड्याचा क्रमांक आणि टप्पा एवढंच. सूक्ष्म सर्व्हेच्या डेटाची साठवणही तपासा: फेब्रुवारी २०२१ च्या भूस्थानिक मार्गदर्शक सूचनांनुसार आडव्या दिशेत १ मीटर आणि उंचीत ३ मीटरपेक्षा सूक्ष्म डेटा भारतातच साठवायचा आहे.

घाटमाथा

हे सगळं सुरुवातीला केलं तर छान. पण समजा १६ पैकी ११ पॅकेजेस निम्मी झाली आहेत, प्रत्येकाची एक्सेल वेगळी, आणि आता आर्किटेक्ट नेमला. कुठून धरायचं?

मैलदगड

सगळं एकदम स्वच्छ करायला जाऊ नका. आधी पूल आणि मोऱ्या, कारण त्या मोजक्या असतात आणि जमिनीवर जाऊन बघता येतात. प्रत्येक पॅकेजच्या फाइली आल्या तशा एका कच्च्या स्कीमात चढवा, सगळे रकाने मजकूर म्हणून, फाइलीचं नाव आणि ओळीचा क्रमांक सोबत. तिथे काहीही दुरुस्त करायचं नाही.

मग पॅकेजच्या सीमांपासून सुरू करा. दोन पॅकेजेसच्या जोडाच्या दोन्ही बाजूंचे ५०० मीटर घ्या. दुबार मोऱ्या, गाळलेल्या मोऱ्या आणि चेनेजचे घोटाळे तिथेच गोळा झालेले असतात. उरलेल्या यादीत प्रकार सारखा आणि अंतर २५ मीटरच्या आत, अशा जोड्या काढा, आणि विलीन करायचा निर्णय साइट इंजिनिअरकडून लेखी घ्या. निर्णय कोणी घेतला आणि कधी, हेही तक्त्यात.

त्यानंतरच नवे क्रमांक वाटायचे. जुना प्रत्येक क्रमांक 'उपनाम' तक्त्यात पॅकेज आणि फाइलीच्या नावासह राहील, म्हणजे तीन वर्षांपूर्वीच्या बिलावरचा 'बीसी-०२' आजही शोधता येईल. क्रमांक वाटून झाले की पत्र्याचे बिल्ले करून मोरीच्या हेडवॉलवर ठोका आणि फोटो निर्देशांकांसह घ्या. एका पथकाला दिवसाकाठी किती मोऱ्या होतात हे पहिल्या आठवड्यात मोजा आणि उरलेल्या वेळापत्रकासाठी तोच आकडा धरा.

जमिनीचा डेटा यात मिसळू नका. त्याला वेगळा माणूस लागतो, आणि तो महसूल खात्यात काम केलेला असावा.

घाटमाथा

बिल्ल्यावर क्यूआर कोड की नुसता क्रमांक?

मैलदगड

दोन्ही. क्रमांक कोरलेला, रंगवलेला नको. पावसाळ्यात चिखल बसला तरी बोटानं चाचपून वाचता येतो.